सवाल तुमचे: डेपेश मोड अजून ऐकायचा का?

मागच्या अंकात एका वाचकांचं दोन ओळींचं पत्र छापलं होतं, की ऐंशीच्या दशकातला सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचं पॉप, हा नुसता बटणं दाबून काढलेला आवाज आणि त्यातला डेपेश मोड तर आज ऐकवत पण नाही. बस्स. त्यानंतर जी पत्रं आलीत ती बघून यावेळचं अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. शिव्या तेवढ्या गाळल्यात. ज्यांना हे नावच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या एसेक्समधलं बॅसिल्डन हे गाव, साल १९८०, व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गाणारा डेव्ह गहान या चार पोरांचा हा ग्रुप. पुढच्याच वर्षी गाणी लिहिणारा क्लार्क सोडून गेला आणि लिहिण्याचं काम गोरकडे आलं, १९८२ला अ‍ॅलन वाइल्डर आला, १९९५ला तोही सोडून गेला, २०२२ला फ्लेचर वारला. आता गोर आणि गहान दोघंच उरलेत.

प्रश्न: ते पत्र माझंच होतं आणि मी अजून तेच म्हणतोय. स्टेजवर टेप चालू करून मागे उभं राहायचं याला वाजवणं म्हणतात का? गिटारवाल्याची निदान बोटं दिसतात, यांचं काय दिसतं?

उत्तर: टेप होतीच की, लपवली कुणी? सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याकडे ड्रमर नव्हता, म्हणून रीलवाला टेपरेकॉर्डर सरळ स्टेजवर, लोकांना दिसेल असा ठेवायचे, ताल त्याच्यावर आणि सुरावटी कीबोर्डवर हातानं. इतका प्रामाणिकपणा तर आजच्या निम्म्या स्टार लोकांकडे नाही. आणि बोटंच बघायची असतील तर १९९३च्या टूरचं चित्रण बघा, तिथे वाइल्डर स्वतः ड्रमवर बसलाय, गोरच्या गळ्यात गिटार आहे, पुढच्या टूर्समध्ये तर कायमचा ड्रमरच आला. आता गंमत अशी की माझ्या मते त्यामुळे संगीत काही जास्त चांगलं झालं नाही, उलट काही जुनी गाणी जिवंत ड्रमखाली दबून जातात, त्यांची ती मशीनसारखी थंड चाल हीच तर मजा होती. तुमचा मुद्दा मेहनत दिसण्याचा आहे. यांची मेहनत स्टुडिओत झाली, ती दिसत नाही, ऐकावी लागते, खाली त्याबद्दल लिहिलंय ते वाचा आणि मग परत भांडायला या.

प्रश्न: खरा डेपेश मोड म्हणजे व्हिन्स क्लार्कचा डेपेश मोड, पहिल्या अल्बमनंतर सगळी रडारड. गाणं चांगलं की वाईट हे ओळखायची माझी सोपी कसोटी आहे, सगळा कीबोर्ड काढून टाका, नुसत्या गळ्यावर गाणं उभं राहिलं तर ते टिकाऊ. गोरची किती गाणी या कसोटीला उतरतील?

उत्तर: कसोटी छान आहे आणि तुमच्याच बाजूनं पुरावा देतो. १९८१च्या 'स्पीक अँड स्पेल' या पहिल्या अल्बमवर दोन सोडून सगळी गाणी क्लार्कची. 'जस्ट कान्ट गेट इनफ' ब्रिटनमध्ये आठव्या नंबरपर्यंत गेलं आणि इतक्या वर्षांनी सेल्टिकचे आणि लिव्हरपूलचे फुटबॉल फॅन्स ते स्टेडियममध्ये ओरडून गात होते, कीबोर्ड नाही काही नाही. त्याच वर्षाच्या शेवटी क्लार्क बाहेर पडला आणि बॅसिल्डनच्याच अ‍ॅलिसन मॉयेला घेऊन याझू हा ग्रुप काढला. त्यांचं 'ओन्ली यू' १९८३मध्ये फ्लाइंग पिकेट्स या मंडळींनी एकही वाद्य न घेता नुसतं तोंडानं गायलं आणि ते ब्रिटनमध्ये ख्रिसमसचं नंबर एक गाणं झालं. म्हणजे तुमच्या कसोटीत क्लार्क पैकीच्या पैकी.

पण मग गोर नापास का? तर नाही. त्याचं 'पर्सनल जीझस' अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशनं २००२मध्ये गायलं, सत्तरीला आलेला, आजारी माणूस, सोबत गिटार, आणि ऐकताना वाटतं की हे गाणं त्याच्या आजोबांच्या वेळचं असावं. दोघंही पास. त्यामुळे या कसोटीवर हा वाद सुटतच नाही, तुम्ही म्हणता ती रेष क्लार्क आणि गोर यांच्यामध्ये नाहीये. क्लार्कचं गाणं नुसतं गुणगुणलं तरी जवळजवळ सगळं हाती लागतं. गोरचं गुणगुणा, शब्द आणि चाल मिळते, पण त्या गाण्याभोवती जी भीती, जो अंधार असतो तो मिळत नाही, तो आवाजात आहे. माझ्या मते डेपेश मोड टिकला तो त्या अंधारामुळे. आणि तुम्हाला त्रास द्यायला एक जाता जाता, क्लार्क आणि गोर यांनी २०१२मध्ये दोघांनीच मिळून एक टेक्नो अल्बम काढला, एक शब्द गायलेला नाही त्यात. भांडण फॅन्समध्ये, ते दोघं मजेत.

प्रश्न: मला एक सांगा, त्याच वर्षांतली बाकीच्या ग्रुप्सची गाणी लावली की पहिल्या चार सेकंदांत कळतं ही ८४ची, ही ८६ची. 'स्ट्रिप्ड' किंवा 'व्हायोलेटर' अल्बम लावला की तसं का होत नाही? की प्रेमापोटी मलाच ऐकू येत नाही?

उत्तर: थोडं प्रेम आहेच, पण कारण खरं आहे आणि ते अगदी तांत्रिक आहे. १९८३ला यामाहानं डीएक्स-सेव्हन नावाचा डिजिटल सिंथ काढला. आवाज स्वच्छ, चकचकीत, आणि आधीच्या मोठ्या मशीन्सच्या मानानं स्वस्त, पण त्यावर स्वतःचा आवाज तयार करायचा म्हणजे डोक्याला ताप, एवढीशी स्क्रीन, नॉब जवळजवळ नाहीतच, सगळं मेन्यूत शिरून आकडे बदलत बसायचं. मग काय, बहुतेकांनी कंपनीनं आत भरून दिलेले प्रीसेटच वापरले. तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो आठवा, त्या काळातल्या प्रत्येक दुसऱ्या हळुवार गाण्यात आहे. तुम्हाला चार सेकंदांत जे साल कळतं ते गाण्याचं नसतं, त्या प्रीसेटचं असतं.

डेपेश मोडच्या डोक्यावर डॅनियल मिलर बसलेला, म्यूट रेकॉर्ड्सचा मालक आणि स्वतः सिंथचा वेडा, त्याला तयार आवाजांची चीड. १९८३च्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन'च्या वेळी ही मंडळी पूर्व लंडनच्या शोरडिच भागात हातोडा आणि टेपरेकॉर्डर घेऊन फिरायची, पत्रा दिसला की बडव, पाइप दिसला की बडव, रेकॉर्ड कर, मग ते एम्युलेटर किंवा सिंक्लाव्हियर या सॅम्पलिंगच्या मशीनमध्ये घालून कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजव. 'पाइपलाइन' हे गाणं तर अख्खं असल्याच आवाजांचं. मग बर्लिनचा हान्सा स्टुडिओ, बर्लिनच्या त्या भिंतीला अगदी लागून, तिथल्या मोठ्या हॉलमध्ये स्पीकर लावून हे आवाज जोरात वाजवायचे आणि त्या हॉलचा घुमारा परत माइकनं पकडायचा. १९८६च्या 'स्ट्रिप्ड'च्या सुरुवातीला जी धडधड आहे ती चालू ठेवलेल्या मोटारसायकलच्या इंजिनाची, स्पीड कमी करून, आणि वर गहानची पोर्शे स्टार्ट होतानाचा आवाज. आता मोटारसायकलच्या इंजिनाला कुठलं साल चिकटवणार? दुकानात मिळणारा आवाज त्या दुकानाची तारीख घेऊन येतो, रस्त्यावर सापडलेल्याला तारीख नसते. एवढंच आहे ते रहस्य, किंवा निदान अर्धं.

उरलेलं अर्धं 'व्हायोलेटर'मध्ये, आणि ते बरोबर उलटं आहे. १९९०पर्यंत पत्रे बडवून झाले होते, सोबतीला फ्लड नावाचा प्रोड्यूसर आला, आणि त्यांनी आवाज वाढवायच्या ऐवजी कमी केले. नीट ऐका, एका वेळी चार-पाच गोष्टीच वाजत असतात, पण प्रत्येकीला ऐसपैस जागा, एकमेकांच्या पायात पाय नाही. गर्दी नसलेलं संगीत लवकर जुनं होत नाही असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

मात्र सगळंच अजरामर म्हणू नका. ८४ची ती ठणठण आज ऐकली की ८४च वाटते, कारण नंतर तीही फॅशन झाली आणि सगळेच लोखंड आपटायला लागले. शिवाय बर्लिनचे आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन हे लोक १९८०पासून हेच आणि जास्त धोकादायक करत होते. डेपेश मोडनं ते आणून पॉप गाण्यात बसवलं, तीन मिनिटांत, गुणगुणता येईल असं. कल्पना पूर्ण त्यांची नव्हे, बसवणं त्यांचं.

प्रश्न: लिरिक्सचं काय? इंग्रजी येणाऱ्या कुठल्याही माणसाला 'पीपल आर पीपल'चे शब्द ऐकून हसू येईल. शाळेतल्या निबंधासारखं आहे ते.

उत्तर: येतं हसू, मलाही येतं. माणसं माणसांशी अशी का वागतात, एवढाच मुद्दा आणि तो गोल गोल फिरवलाय. गोरला स्वतःलाही ते आवडत नाही, १९८८नंतर त्यांनी ते स्टेजवर वाजवलेलंच नाही, एवढं मोठं हिट असून. पण गोरची ताकद तिथे नाहीच, जगाला उपदेश करायला लागला की तो पडतो. दोन माणसांच्या बंद खोलीतलं लिहितो तेव्हा तो दुसराच असतो, अपराधीपणा, शरण जाणं, देव आणि देह यांची सरमिसळ, आणि हे सगळं अगदी साध्या शब्दांत, जवळजवळ भजनाच्या वळणानं. त्यात आणखी एक गोष्ट लोक विसरतात, की लिहिणारा एक आणि गाणारा दुसरा. गोरचा आवाज हळवा, उंच, तो स्वतः गातो तेव्हा कबुलीजबाब वाटतो. तेच शब्द गहानच्या जाड बॅरिटोनमध्ये गेले की धमकी वाटते. लाजाळू माणसाचं गुपित एक उघडाबंब नाचणारा माणूस हजारो लोकांपुढे ओरडून सांगतोय, हा जो विचित्रपणा आहे ना, तो दुसऱ्या कुठल्या सिंथवाल्या ग्रुपकडे नव्हता.

प्रश्न: गिटार आली तेव्हाच ते विकले गेले असं माझा मित्र म्हणतो, मी म्हणतो तेव्हाच ते मोठे झाले. निकाल द्या.

उत्तर: निकाल तुमच्या बाजूनं, पण कारण वेगळं. १९८९च्या 'पर्सनल जीझस'मध्ये गिटार आहे, ब्लूजचा तुकडा आहे, पण तो जो धप-धप ठोका आहे तो ड्रमचा नाही, वाद्यं नेण्याच्या मोठ्या पेट्यांवर माणसं उड्या मारतायत, ते मिलानमध्ये रेकॉर्ड केलंय. म्हणजे गिटारसुद्धा त्यांनी सापडलेल्या आवाजासारखीच वापरली, मित्राला म्हणावं ही सोलो मारायची गिटार नाही. आणि 'एन्जॉय द सायलेन्स'चं तर उदाहरण द्यायलाच हवं. गोरनं डेमो आणला तो हार्मोनियमवरचा, संथ, प्रार्थनेसारखा. वाइल्डर म्हणाला की हे फास्ट करू या, खाली डान्सचा ताल घालू. गोरला ते आवडेना, शांततेवरचं गाणं आणि त्यावर नाचायचं? शेवटी झालं वाइल्डरच्या मनासारखं, वर गोरनंच तो गिटारचा तुकडा टाकला जो आता सगळ्यांना पाठ आहे. १९९१मध्ये त्याला सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचं, म्हणजे सुट्या काढलेल्या गाण्याचं, ब्रिट अवॉर्ड मिळालं. गाणं संथ राहिलं असतं तरी सुंदरच झालं असतं, पण तुम्ही-मी त्यावर आज भांडत नसतो.

प्रश्न: मग सरळ म्हणा ना की वाइल्डर गेला आणि ग्रुप संपला.

उत्तर: संपला नाही, पातळ झाला. १९८३पासून १९९३पर्यंतचे सहा अल्बम त्याच्या हाताखालून गेलेत आणि माझ्या लेखी ग्रुपचं जे काही कायमचं आहे ते बहुतेक त्या सहांत आहे. तो गेला तेव्हा आपल्या कामाची किंमत होत नाही ही त्याची तक्रार होती, आणि फॅन्समध्ये आजही त्यावरून दोन तट आहेत. पण पुढचं वर्षही बघा की, मे १९९६मध्ये गहान ड्रग्जच्या ओव्हरडोसनं काही मिनिटांसाठी मेलेलाच होता, हृदय थांबलं होतं. अशा अवस्थेतून १९९७ला 'अल्ट्रा' आला आणि तो चांगला आहे, थकलेला, जड, पण खरा. २००१चा 'एक्सायटर' मला झोप आणतो. २००५च्या 'प्लेइंग द एंजल'पासून गहानची पण गाणी यायला लागली, हट्टानं तीन घातली त्यानं, आणि ती भरीची वाटत नाहीत. मधले एक-दोन अल्बम नाही ऐकलेत तर काही बिघडत नाही. २०२३चा 'मेमेंटो मोरी' मात्र ऐकाच, मृत्यूवरची बरीच गाणी फ्लेचर जायच्या आधीच लिहून झाली होती, आणि मग तो गेला, आता ती गाणी ऐकताना ते डोक्यातून काढता येत नाही.

प्रश्न: फ्लेचर नक्की करायचा काय?

उत्तर: हे त्यानंच सांगून ठेवलंय. '१०१' या माहितीपटात तो म्हणतो, गाणी मार्टिन लिहितो, चांगला वाजवणारा अ‍ॅलन, गाणारा डेव्ह, आणि मी आपला इकडेतिकडे फिरतो. लोक हसले आणि तेवढंच धरून बसले. पण बराच काळ या ग्रुपला धड मॅनेजर नव्हता, म्यूटबरोबरचा व्यवहार कागद न करता नुसत्या हातमिळवणीवर, नफा निम्मा-निम्मा, आणि हिशोबाकडे बघणारा हाच. वर गोरचा शाळेपासूनचा दोस्त. गोर आणि गहान या एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये चाळीस वर्षं एक सरळ माणूस बसलेला असणं हेही कामच आहे, त्याचं क्रेडिट फक्त अल्बमच्या कव्हरवर येत नाही.

प्रश्न: इतके मोठे होते तर ब्रिटनमध्ये एकही नंबर एक सिंगल का नाही?

उत्तर: नाहीच. सिंगल्समध्ये चौथ्या नंबरच्या वर कधी गेले नाहीत. त्याच काळातले सिंथवाले ह्यूमन लीग १९८१मध्ये नंबर एक झाले, पेट शॉप बॉइजनं तर ऐंशीच्या दशकात चार वेळा तो नंबर घेतला. घरच्या पत्रकारांच्या डोक्यात ही चार पोरं १९८१च्या गोड टीव्हीवाल्या रूपातच अडकून बसली असं मला वाटतं, ती इमेज काही केल्या जाईना. बाहेर तसं नव्हतं. 'पीपल आर पीपल' पश्चिम जर्मनीत नंबर एक होतं. १९८५मध्ये ते बुडापेस्ट आणि वॉर्सात वाजवून आले, मार्च १९८८मध्ये भिंतीपलीकडच्या पूर्व बर्लिनमध्ये. मॉस्कोत तर गहानचा वाढदिवस ९ मेला येतो, म्हणजे तिथल्या विजयदिनालाच, आणि फॅन्स त्या सुट्टीत स्वतःचा वेगळा मोर्चा काढायचे. आणि जून १९८८, कॅलिफोर्नियात पॅसाडिनाचं रोझ बोल स्टेडियम, साठ हजारांच्या वर लोक, ज्यांच्यात गिटार घेऊन उड्या मारणारा कुणी नाही अशा ग्रुपसाठी. त्या दिवशी आधी वाजवायला कोण होतं माहितीये? ओएमडी. यांच्याच पिढीतला, एके काळी यांच्यापेक्षा मोठा सिंथ ग्रुप. मला ओएमडी चालींच्या बाबतीत जास्त आवडतात, हे लिहून ठेवतो आणि येणाऱ्या पत्रांची वाट बघतो.

प्रश्न: माझ्या सोळा वर्षांच्या मुलीनं २०२३मधल्या त्या 'द लास्ट ऑफ अस' सिरीजमध्ये 'नेव्हर लेट मी डाउन अगेन' ऐकलं आणि आता दिवसभर तेच चालू आहे. पुढे काय ऐकायला देऊ?

उत्तर: 'व्हायोलेटर', नऊ गाणी, पाऊण तास, एकही गाळायचं नाही. मग 'म्युझिक फॉर द मासेस', तिचं गाणं त्यातलंच आहे, आणि 'ब्लॅक सेलिब्रेशन' हेडफोनवर. 'स्पीक अँड स्पेल' सगळ्यात शेवटी, नाहीतर हाच तो ग्रुप का म्हणून विचारेल. आणि तिनं गाण्यांचा अर्थ विचारला तर ते मात्र तुमचं तुम्ही बघा, या सदरात ते बसत नाही.